दोन फरश्या, एक शहर : संग्रहालय नेमके कोणाचे?

१/९
दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात १९९० च्या दशकात दोन प्रदर्शने भरली. दोहोंचा हेतू अन्याय दाखवून देण्याचा होता आणि दोहोंत प्रेक्षक एका खास फरशीवरून चालत असत. एका फरशीने लोक दुखावले. दुसरीवर लोकांनी वाकून आपल्या घराण्याची नावे लिहिली. संग्रहालय सर्वांचे कसे होते, हे या दोन फरश्यांतून समजते.

२/९
आधी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी साउथ आफ्रिकन म्युझियमने तेथील मूळच्या खोइसान लोकांच्या अंगावरून प्लास्टरचे साचे घेतले. हे काम मृत प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते मांडणाऱ्या जेम्स ड्रुरी याच्याकडे होते. हा वंश लवकरच नष्ट होईल, तेव्हा त्यांची शरीरे नोंदवून ठेवावीत, असा तत्कालीन समज. पुतळे माणसांचे घडले. पाटीवर मात्र जमात आली, माणसाचे नाव आले नाही.

३/९
१९६० च्या सुमारास यांतील काही पुतळे घेऊन रानातल्या वस्तीचा एक देखावा उभारण्यात आला. तो कोठे होता, हे महत्त्वाचे. हे संग्रहालय निसर्गेतिहासाचे. तेथे सोबतीला जीवाश्म आणि प्राणी. गोऱ्या वसाहतकारांचा वारसा पुढे सांस्कृतिक इतिहासाच्या वेगळ्या संग्रहालयात गेला. कोणाला इतिहास आहे आणि कोण निसर्गाचा भाग आहे, हे एक शब्दही न लिहिता शाळकरी मुलांना शिकवले जात होते.

४/९
१९९६ मध्ये कलावंत व अभ्यासक पिपा स्कॉट्नेस यांनी राष्ट्रीय कलादालनात ‘मिसकास्ट’ हे प्रदर्शन मांडले. वसाहती विज्ञानाचे क्रौर्य उघडे पाडणे हा त्यांचा हेतू. एका दालनाच्या फरशीवर खोइसानांची जुनी छायाचित्रे आणि कात्रणे छापली होती. त्यांवरून चालताना प्रेक्षकाला अपराधाची बोच लागावी, ही कल्पना.

५/९
परंतु प्रदर्शन पाहण्यास आलेल्या खोइसान लोकांना आपल्याच पूर्वजांवर पाय द्यावा लागला. पूर्वजांची नग्न, अपमानित रूपे पुन्हा चारचौघांत मांडल्याचाही त्यांना संताप आला. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्याला हे दुःख समजावून सांगावे लागू नये. प्रदर्शन त्यांच्या बाजूने बोलत होते. मात्र कसे बोलावे, हे ठरवणारे ते नव्हते.

६/९
आता दुसरी फरशी. १८६७ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा केपटाऊनचा सहावा विभाग ठरला. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, व्यापारी, मजूर, परदेशांतून आलेली कुटुंबे असे सारे तेथे नांदत होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णभेदी सरकारने हा भाग केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवला. पुढील दीड दशकात ६०,००० हून अधिक लोकांना शहराबाहेरच्या वाळूमय ‘केप फ्लॅट्स’वर हलवण्यात आले. घरे बुलडोझरखाली गेली. बकाल वस्ती हटवली, असे सरकारचे समर्थन होते.

७/९
१० डिसेंबर १९९४ रोजी एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये तेथील रस्त्यांविषयीचे प्रदर्शन उघडले. पाडकामावरील एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या ७५ मूळ पाट्या जपून ठेवल्या होत्या. त्या छतापासून टांगल्या गेल्या. फरशीवर वस्तीचा विशाल नकाशा अंथरला. जुने रहिवासी येत, आपली गल्ली शोधत आणि घराच्या जागी कुटुंबाचे नाव लिहीत. शेजारच्या लांब कापडावर लिहिलेल्या आठवणी पुढे सुईदोऱ्याने भरल्या जात. थोड्या दिवसांसाठी योजलेले हे प्रदर्शन हटलेच नाही. त्याचेच डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम झाले.

८/९
तो नकाशा केवळ आठवणींचा नव्हता. १९९४ च्याच कायद्याने वर्णभेदात हिरावलेल्या जमिनीवर हक्क सांगण्याची वाट खुली झाली होती, आणि जुन्या रहिवाशांच्या सभा याच वास्तूत भरू लागल्या. सरकारी कागदांनी जी वस्ती बकाल ठरवली, तिच्या दारादारांवर लोकांनी स्वहस्ते नावे घातली. खोइसानांचा तो देखावा २००१ मध्ये बंद झाला. त्यावरही मतभेद झाले, कारण पडदा ओढणे सोपे असते. त्या जागी काय यावे आणि ते कोणी ठरवावे, हे कठीण.

९/९
मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही विविध समाजांच्या व व्यवसायांच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालयही वसाहतकाळाचेच अपत्य. पुढच्या वेळी अशा कोणत्याही कपाटापुढे उभे राहाल, तेव्हा तीन गोष्टी पाहा : पाटीवर माणसाचे नाव आहे की केवळ जातीचे? ही वस्तू कोणत्या दालनात, कोणाच्या शेजारी ठेवली आहे? आणि ती पाटी लिहिताना लेखणी कोणाच्या हाती होती? एखाद्या समाजासाठी नवे कपाट उभारले, तरी ती लेखणी जुन्याच हातात राहू शकते.

(समाप्त)