कंपनीचें देणें आणि सरकारची देखरेख

वर्ध्याहून हिंगणघाटावरून निघालेला लोहमार्ग वरोऱ्यास पोंचला तो कोळशासाठीं. मार्ग सरकारनें बांधला, खाणहि १८७१ पासून सरकारनेंच चालविली, आणि १९०६ सालीं ती बंद पडली. आज त्याच वरोऱ्याच्या परिसरांत कोळशावर वीज निर्माण करणारीं खासगी कंपन्यांचीं केंद्रें उभीं आहेत. धन कोळशाचेंच, धनी मात्र बदलला. या नव्या धन्यानें आपल्या नफ्यांतून लोकांसाठीं कांहीं करावें असा कायदा झाला आहे, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें सरकारनें पाहावें अशी लोकांची अपेक्षा आहे. हा प्रकार अगदीं नवा आहे असें पुष्कळांस वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. कंपनीवर लोकहिताचें देणें घालण्याचा प्रयोग आपल्या देशांत दोनशें वर्षांपूर्वींच झाला. त्याचा शेवट काय झाला हें पाहिलें असतां आजच्या कायद्याची पारख करणें सोपें जाईल.

१८१३ सालीं ईस्ट इंडिया कंपनीची सनद नवी करून देतांना ब्रिटिश पार्लमेंटनें तींत एक कलम घातलें. राज्यकारभाराचा, लष्कराचा व कर्जाचा खर्च भागून जें उरेल त्यांतून दरसाल निदान एक लाख रुपये एतद्देशीय विद्वानांच्या उत्तेजनार्थ व शास्त्रांच्या प्रसारार्थ वेगळे काढावे, असा त्याचा आशय होता. कलम स्पष्ट होतें. पण तें पाळलें गेलें काय, हें विचारणारा कोणी नेमलेला नव्हता. परिणाम असा झाला कीं, जवळजवळ दहा वर्षें तें कलम कागदावरच राहिलें. १८२३ सालीं कलकत्त्यास सार्वजनिक शिक्षणाची समिति नेमण्यांत आली, तेव्हां कोठें त्याच्या अंमलबजावणीस आरंभ झाला. ‘उरल्यास देईन’ असें म्हणणारा ऋणको आपल्या खेड्यांतल्या सावकारासहि चालत नाहीं. पार्लमेंटास तो चालला.

दुसरें उदाहरण वरोऱ्याच्या अधिक जवळचें आहे. वरोऱ्याचा फांटा वर्ध्यास ज्या मुख्य मार्गास मिळतो, तो १८६७ सालीं नागपुरास नेणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही खासगी कंपनी होती. १८४९ च्या करारान्वयें तिला जमीन विनामूल्य मिळाली, आणि भांडवलावर दरसाल दरशेंकडा पांच रुपये व्याजाची सरकारची हमी मिळाली. मोबदल्यांत तिनें टपाल फुकट न्यावें, फौज कमी दरानें न्यावी, आणि ठरल्या मुदतीनंतर सरकारास मार्ग विकत घेतां यावा, असें ठरलें. त्याप्रमाणें १९०० सालीं सरकारनें तो घेतलाहि. येथें देखरेखींत उणीव ठेवलेली नव्हती. लंडनच्या संचालक मंडळांत सरकारचा मनुष्य बसे व त्यास नकाराचा अधिकार असे. इकडे सरकारच्या सल्लागार इंजिनिअराच्या मंजुरीवांचून कंपनीस खर्च करतां येत नसे.

इतकें असूनहि मार्ग महाग पडले, आणि हमीच्या व्याजाचा तुटवडा रयतेच्या करांतून भरून काढावा लागला. हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें असा अभिप्राय दिला कीं, पांच टक्के ठरलेलेच असल्यामुळें विलायतेंतल्या भांडवलदारास आपला पैसा हुगळींत गेला काय अथवा विटाचुन्यांत गेला काय, दोन्ही सारखेंच. सल्लागार इंजिनिअर खर्च तपाशी. पण ज्या रयतेच्या करांतून व्याज जात होतें, तिला मार्गाचा उपयोग किती झाला, यासाठीं त्याच्या वहींत रकानाच नव्हता.

या अनुभवामुळेंच १८६९ सालीं सर जॉन लॉरेन्स यांनीं नवे मार्ग सरकारनें स्वतः बांधावे असा आग्रह धरला. वरोऱ्याचा फांटा हा त्या धोरणाचें फळ होय. परंतु धनी व देखरेख करणारा एकच झाल्यावर विचारणार कोण? खाणीच्या उत्पन्नांत वरोऱ्याच्या लोकांचा अमुक वांटा, असा कायदा तेव्हां नव्हता. खाण मिटली तसा तो प्रश्नहि मिटला.

आतां आजच्या कायद्याकडे वळूं. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. जिचें निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, त्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे, असें तें सांगतें. प्रारंभीं खर्च न झाल्यास अहवालांत कारण लिहिलें म्हणजे भागत असे. २०२१ पासून मात्र न खर्चलेली रक्कम निराळ्या खात्यांत किंवा कायद्यांत नेमलेल्या निधींत भरावी लागते. न भरल्यास दंड होतो. म्हणजे १८१३ ची चूक सुधारली.

१८४९ ची चूक सुधारली काय? कंपनीनें आपल्या परिसरास प्राधान्य द्यावें असें कलमांत आहे; पण काम कोणतें व कोठें हें तिचें संचालक मंडळ ठरवितें. सरकार दाखल झालेला हिशेब पाहतें. ज्यांचें देणें १० कोटींचें वा अधिक, त्यांना मोठ्या कामांचे परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यावे लागतात, हें खरें. पण तो त्रयस्थ कंपनीच नेमते. सरकार दूर राहिलें यालाहि कारण आहे. प्रत्येक कामास सरकारी मंजुरी लागली असती, तर देणें कंपनीचें व मर्जी कचेरीची, असें झालें असतें. हा आक्षेप आम्ही मान्य करतों. मात्र त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, कंपनी आणि कचेरी या दोघांवांचून तिसरा कोणी पाहिजे.

तो तिसरा कोण, याची खूण २०१५ च्या खनिज कायद्यांतील दुरुस्तींत सांपडते. तिच्यान्वयें खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापावयाचें असतें, आणि खाणवाल्यानें स्वामित्वधनाखेरीज त्याच्या ३० टक्के, लिलावानें मिळालेल्या नव्या खाणींच्या बाबतींत १० टक्के, इतकी रक्कम खाणबाधितांसाठीं त्यांत भरावयाची असते. हें देणें नफा उरण्यावर अवलंबून नाहीं. शिवाय केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें अनुसूचित क्षेत्रांतल्या बाधित गांवांत कामांच्या योजनेस ग्रामसभेची संमति लागते. गडचिरोलीचा मोठा भाग अशा क्षेत्रांत मोडतो. तेथें ज्यासाठीं देणें, त्यालाच विचारण्याचा हक्क, हें तत्त्व कागदावर तरी प्रथमच आलें आहे.

खेड्यांतल्या लोकांस हिशेब काय कळणार, असें कोणी म्हणतील. ताळेबंद कदाचित् त्यांस कळणार नाहीं; पण नळाला पाणी येतें कीं नाहीं, दवाखान्यांत डॉक्टर असतो कीं नाहीं, हें त्यांच्याइतकें कोणत्याहि तपासनिसास कळत नाहीं. तो हक्क अनुसूचित क्षेत्रापुरता न ठेवतां खाणीच्या व वीजकेंद्राच्या छायेंतील प्रत्येक गांवास द्यावा, आणि कंपनीच्या दोन टक्क्यांचा हिशेबहि त्या गांवापुढें वाचला जावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. वरोऱ्याची खाण बंद होतांना गांवाला विचारण्याचा अधिकार नव्हता. पुढची खाण बंद होईल त्या दिवशीं तरी तो असावा.