टाकळघाटच्या वाटेवर

नागपुराहून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाले म्हणजे विमानतळ मागे पडतो व मिहानच्या नव्या इमारती लागतात. खापरी ओलांडून तसेच पुढे गेले की बुटीबोरी येते आणि तिच्या शेजारी टाकळघाट. आज कारखान्यांमुळे गजबजलेल्या या टापूत ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री एक मनुष्य ओढ्याच्या पुरात बुडून मेला. त्याचे घोडे तेवढे रिकाम्या खोगिराने बोरीच्या मुक्कामी परतले. तो मनुष्य म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. त्यांना सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चार दिवस उरले होते.

श्रोत्यांपैकी बहुतेकांस हे नाव कॉलेजामुळे ठाऊक असेल. ते कॉलेज त्यांच्या मागे वीस वर्षांनी, १८८३ साली निघाले. आम्हांस आज वेगळाच प्रश्न विचारावयाचा आहे. देवास सर्वस्व वाहिलेला हा धर्मोपदेशक पुराणकाळच्या दगडांची वर्तुळे पाहावयास भर पावसाळ्यात का गेला? ज्याने स्वतःचे काहीच राखले नाही, त्याला असल्या छंदासाठी वेळ उरतो कोठून?

स्कॉटलंडातील डन्स या गावी १८१७ साली हिस्लॉप जन्मले. १८४३ साली तेथील चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चच्या कारभारात सरकारचा हात नको, या एका तत्त्वासाठी साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशकांनी वेतने आणि राहती घरे सोडली व फ्री चर्च स्थापिले. हिस्लॉप या चर्चचे. तेथे समर्पण हा प्रार्थनेतला शब्द नव्हता. बायकामुलांसह घराबाहेर पडणे असा त्याचा रोकडा अर्थ होता. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढल्या वर्षी त्यांनी शाळा काढली. रॉबर्ट हंटर हे सहकारी मागाहून येऊन मिळाले.

या दोघांनी नागपुराजवळच्या टाकळीस खडकांच्या थरांत गोड्या पाण्यातले शंख-शिंपले, बिया व फळे यांचे अवशेष हुडकले. लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये सापडलेली ही जीवसृष्टी! त्यातून हे उघड झाले की, दख्खनचा अग्निरस एकदम ओतला गेला नाही. मध्यंतरी विसावा पडला, तळी साचली, झाडे वाढली. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे निबंध छापले गेले.

उपदेशकाने देवाचा वेळ दगडांवर दवडावा काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. आमच्या मते तिचे उत्तर खुद्द ख्रिस्ती शिकवणुकीतच आहे. देवावर प्रीती करण्याची जी पहिली आज्ञा येशूने सांगितली, तीत अंतःकरण, जीव व शक्ती यांच्या पंक्तीस बुद्धीही बसविली आहे. प्रवचनांत हा शब्द बहुधा घाईने उरकला जातो. हिस्लॉपांनी तो उरकला नाही.

मात्र त्यांस निर्विकार ज्ञानोपासक ठरविणे हाही अन्याय होईल. ते धर्मांतर घडवावयास आले होते व ते त्यांनी कधी लपविले नाही. १८५४ साली इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. मिशनरी आणि राज्यकर्ते एकाच कातडीचे, तेव्हा नागपूरकरांनी संशय घेतला असल्यास तो गैर म्हणवत नाही.

याच नागपूरच्या आसमंतात समर्पणाचे दुसरेही रूप दिसते. नारायण वामन टिळक येथून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्यास पत्करला. वेतनासह ख्रिस्तसेवा त्यांस अपुरी वाटली. टिळकांची वाट आम्हां मराठी माणसांस लगेच कळते, कारण संतांनी ती मळून ठेवली आहे. हिस्लॉपांची वाट कळावयास जड जाते. त्यांनी सोडले थोडे, अंगावर घेतले पुष्कळ.

त्यांनी अंगावर घेतले त्यात गोंडांची भाषाही होती. आमच्या नगराचा पाया गोंड राजा बख्त बुलंदाने घातला, पण गोंडीतली गीते लिहून ठेवावी असे येथल्या विद्वानांस सुचले नाही. हिस्लॉपांनी लिंगोचे दीर्घ गीत टिपून घेतले आणि बोलींच्या शब्दांच्या याद्या केल्या.

मध्य प्रांताचा कारभार पाहणारे रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. इतर मंडळी पुढे गेली; हिस्लॉप मागे राहिले आणि अंधार पडल्यावर एकटेच निघाले. पाऊस झालेला, ओढा फुगलेला. घोडे परत आल्यावर शोध सुरू झाला आणि प्रेत हाती लागले.

आदिवासींविषयीची त्यांची टिपणे अपुरीच राहिली होती. टेंपल यांनी ती जुळवून १८६६ साली छापली. लिंगोचे गीत मूळ गोंडीसह त्या पुस्तकात आहे.