कामरेज, कवळाणे आणि ऑल्डवर्थ

विलायतेत जुने घर विकायला निघाले की घराबरोबर त्याची कुंडलीही निघते. ते कोणी बांधले, कोण कोण राहून गेले, कोणी तिथे देह ठेवला, हे सारे गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगितले जाते. आपल्याकडे घर विकताना निघतो तो फक्त उतारा. अशाच एका विलायती घराचा धागा थेट आपल्या तापीकाठच्या कामरेजपर्यंत येऊन पोचतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

ससेक्स परगण्यात, हॅसलमिअर गावाजवळच्या टेकडीवर ऑल्डवर्थ नावाचे घर आहे. राजकवी टेनिसनने ते बांधले. वाइट बेटावरच्या त्याच्या घरी उन्हाळ्यात बघ्यांची गर्दी होई. तिला कंटाळून त्याने ही एकांताची जागा निवडली. १८६८ साली पायाचा दगड बसला आणि ६ ऑक्टोबर १८९२ रोजी कवीने याच घरात शेवटचा श्वास घेतला. पुढे घर टेनिसन घराण्याच्या हातून गेले आणि त्याचे मालक झाले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, तिसरे.

कामरेज तेव्हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला एक तालुका होता. गाव प्राचीन. ताम्रपटांतला ‘कर्मणेय आहार’ म्हणजे हाच परिसर, असे अभ्यासक मानतात. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडच्या आसऱ्याने दक्षिण गुजरातेत पाय रोवले आणि मराठी अंमल या काळ्या मातीत रुजला. इथल्या शेतकऱ्याचा सारा बडोद्याच्या खजिन्यात जमा होई. तेव्हा महाराजांच्या विलायती मुक्कामांत आपल्या घामाचाही वाटा आहे, असे त्याच्या मनात आले असेल तर त्यात गैर काय? प्रकृतीच्या कारणाने महाराजांचे दीर्घ परदेशवास घडत, आणि त्यावर त्या काळीही टीका होत असे.

पण हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंनी करावा. हा राजा महालात जन्मला नव्हता. ११ मार्च १८६३ रोजी मालेगावजवळच्या कवळाणे गावी, शेतकरी घरात गोपाळ जन्मला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले, तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. ज्याला पाटी उशिरा मिळाली, त्यानेच १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून त्याने वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. लोकांनी वर्गणी जमवावी, पंचायतीने आणि सरकारने भर घालावी, अशी ती रीत होती. कामरेजच्या साऱ्यातला काही पैसा अशा वाटेने गावोगावी परतला. ऑल्डवर्थ गायकवाडांकडे कायम राहिले नाही. शिकलेल्या पिढ्या मात्र कोणाला विकता आल्या नाहीत.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. कामरेज सुरत जिल्ह्यात आले, आणि १९६० साली त्या जिल्ह्यासह गुजरातेत गेले. आज हमरस्त्यालगतच्या या तालुक्यापर्यंत सुरत शहर पसरत आले आहे. उसाच्या शेतात प्लॉटचे दगड रोवले जातात, माळवदे आणि माड्या उतरवल्या जातात. त्याबद्दल कोणाला दोष कसा द्यावा? मुलांची शिक्षणे, लग्ने, वाटण्या यांपुढे जुने घर टिकत नाही. इंग्लंडात इतिहासाची घरे सरकारी यादीत नोंदवतात; मालक बदलला तरी परवानगीवाचून ती पाडता येत नाहीत. आपल्या साध्या घरांना असे कवच कुठून मिळणार?

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी घर विकण्याआधी एक वही करावी. घर कोणी बांधले, पूर्वज कोणत्या गावाहून आले, तुळईचे लाकूड कुठून आणले, चुलीपाशी मराठी आणि ओटीवर गुजराती कधीपासून बोलू लागलो, हे आजीकडून विचारून लिहून घ्यावे. माळ्यावरचे मोडी कागद रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवावेत.

टेनिसनच्या घराची कुंडली इंग्रजांनी जपली, म्हणून त्यात कवळाण्याच्या मुलाचे नाव आपल्याला सापडते. आपल्या घराची आपण जपली नाही, तर उद्या आपल्या नातवंडांना आपले नाव कुठे सापडणार?