काळ्या रंगाची कुळकथा

मतदान करून आलं की बोटावरची शाई आधी जांभळी दिसते, मग उन्हात काळपट होत जाते. साबण, लिंबू काही चालत नाही. नख वाढेल तसाच तो डाग पुढे सरकतो. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. चांदीच्या याच क्षारानं मेंदूतली पेशी माणसाला पहिल्यांदा अख्खी दाखवली.

१८७२ साली कामिल्लो गॉल्जी हा तरुण डॉक्टर मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो गावी असाध्य रुग्णांच्या इस्पितळात रुजू झाला. तिथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातच सूक्ष्मदर्शक मांडला. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून घट्ट करायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ठेवायचा. १८७३ मध्ये त्यानं ही कृती छापली. पातळ कापाच्या पिवळसर उजेडात एखादीच पेशी बारीकशा फांदीपर्यंत काळीकुट्ट उमटायची. पद्धतीला नाव पडलं ‘काळी अभिक्रिया’.

शंभरातल्या मोजक्याच पेशी रंगतात आणि त्याच का, याचा नीट उलगडा आजही झालेला नाही. मला मात्र या पद्धतीचं सगळं मोल त्या अर्धवटपणात दिसतं. मेंदू म्हणजे करवंदीची जाळी. सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा ठिपका दिसला असता. इथे जाळी विरून जाते आणि एकच झुडूप उभं राहतं.

तरी चौदा वर्षं ही पद्धत फारशी कुणाच्या हाती बसली नाही. कधी रंग यायचा, कधी नुसता गाळ. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो या मानसरोगतज्ज्ञाकडे सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शरीरशास्त्रज्ञानं असा एक काप पाहिला आणि तो झपाटला गेला. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचं होतं. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या वडिलांनी डॉक्टर केलं. काहालजवळचा चांगला झाइस सूक्ष्मदर्शक कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारनं दिलेला होता. पुढे बार्सिलोनात त्यानं पद्धतीत दोन बदल केले. तुकडा एकाऐवजी दोनदा मुरवला आणि प्रौढ मेंदूऐवजी गर्भातली, नवजात पिल्लं घेतली. पेशींच्या तंतूंवर चरबीचं आवरण चढण्याआधी रंग आत शिरतो, हे त्यानं ओळखलं.

मे १८८८ मध्ये त्यानं स्वतःच्या खर्चानं नियतकालिक काढलं. पहिल्याच अंकात पक्ष्यांच्या लहान मेंदूवरचा लेख होता. मेंदू हे एकसंध जाळं आहे, असं तेव्हा बहुतेक जण मानत, गॉल्जीही मानायचा. काहालला मात्र प्रत्येक तंतू कुठेतरी मोकळा संपताना दिसला. पेशी एकमेकींना भिडतात, पण एकजीव होत नाहीत. पण लेख स्पॅनिशमध्ये, तो वाचणार कोण? म्हणून १८८९ मध्ये तो आपले काप घेऊन बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या सभेत गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावू लागला. अल्बर्ट फोन क्योलिकर या बुजुर्गानं पाहिलं, परत जाऊन स्वतः करून पाहिलं आणि जाळ्याची जुनी कल्पना सोडून दिली. त्या वयात मत बदलणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

१८९१ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयरनं या स्वतंत्र पेशीला ‘न्यूरॉन’ म्हटलं. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ कंडरा, दोरी. भाषाशास्त्रज्ञ त्याचं आणि आपल्या ‘स्नायू’चं मूळ एकच मानतात. पेशींमधल्या सांध्याला १८९७ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनमुळे ‘सिनॅप्स’ हे नाव मिळालं.

१९०६ चं नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. गॉल्जीनं व्याख्यानात न्यूरॉनच्याच कल्पनेवर टीका केली. ज्या रंगानं ती सिद्ध होत होती, तो त्याच्याच स्वयंपाकघरातला होता. हे वाचताना वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी काहालनं आपल्या भाषणात गॉल्जीची कृती वापरूनच काढलेले पुरावे मांडले. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दोन पेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट दाखवली आणि काहालचं म्हणणं पक्कं झालं.

१८८८ मध्ये काहालला फांद्यांवर बारीक काटेही दिसले होते. तो चांदीचा गाळ आहे, असं अनेकांनी त्याला ऐकवलं. त्यानं दुसऱ्या रंगानं, मेथिलीन ब्लूनं, तेच काटे पुन्हा दाखवले. बरेचसे सिनॅप्स त्या काट्यांवर असतात. शिकताना, आठवण धरताना ते बदलतात का, हे तपासायला प्रयोगशाळांत आजही मेंदूचा तुकडा क्रोमेटमध्ये मुरतो आणि कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काळे काटे एकेक करून मोजत बसतं.