पट्टा तुटला तर?

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर रेल्वेची रेघ शोधायला गेलं तर ती फक्त वरच्या अंगाला सापडते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. मुंबईकडून येणारा हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. पुढे १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत एक फाटा काढण्यात आला. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर, पण त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्याचं एवढं कौतुक कशासाठी, तर कापसासाठी. हे सगळं घाटाखाली. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागात तेव्हाही रेल्वे नव्हती आणि आजही नाही. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्याला गाडीची शिट्टी ऐकू येत नाही.

मला मात्र आज रेल्वेबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे पट्ट्याबद्दल. इंजिनाची ताकद यंत्रापर्यंत किंवा चाकापर्यंत नेणारा साधा पट्टा. आडवाटेच्या गावात यंत्र चालतं की बंद पडतं हे पुष्कळदा इंजिनावर ठरत नाही, या पट्ट्यावर ठरतं. आज घाटावरच्या एखाद्या खेड्यातला दिव्यांग तरुण बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरवर तालुक्याला जातो, तेव्हा त्याच्या सगळ्या दिवसाचा भार अशाच एका पट्ट्यावर असतो. तो पट्टा रस्त्यात तुटला तर काय, हा प्रश्न नवा वाटतो. आपल्या जिल्ह्यात तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. खामगाव ही मोठी बाजारपेठ झाली. (खामगाव आणि जळगाव हे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, ते १९०५ मध्ये बुलढाण्याला जोडले गेले.) हाताने फिरवायच्या रेच्याची जागा वाफेवर चालणाऱ्या जिनांनी घेतली. जिनिंग कारखान्याची रचना अशी असे: एका टोकाला इंजिन, त्याने फिरणारा एक लांबलचक लोखंडी दांडा, ज्याला कामगार नुसतं 'शाफ्ट' म्हणत, आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक जिनाकडे जाणारा वेगळा पट्टा. जिनाच्या अंगाला दोन पुल्या शेजारी शेजारी. एक पक्की, एक सुटी. पट्टा पक्क्या पुलीवर असला की जिन चालायचा, दांडीने सुट्या पुलीवर सरकवला की थांबायचा. इंजिन मात्र चालूच.

हे पट्टे चामड्याचे असत, पुढे जाड कॅनव्हासचे आणि रबर चढवलेल्या कापडाचेही आले. इंजिन विलायतेचं, जिन विलायतेचा, पट्टाही बऱ्याचदा मुंबईहून आलेला. हंगामात तो तुटला तर मुंबईला तार करून वाट पाहत कोण बसणार? आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल ताटकळलेले. पट्टा तिथंच सांधायला लागे, आणि ते जमत होतं.

ते का जमलं, याचं उत्तर मला विहिरीच्या मोटेत दिसतं. चामड्याची मोट शिवणं, तिची सोंड जोडणं, ओल्या चामड्याची सारख्या रुंदीची वादी काढणं हे आपल्या गावच्या चर्मकारांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब होतं. ज्याच्या हाताला ते येत होतं त्याला पट्टा सांधायला फार शिकवावं लागलं नसणार. दोन टोकं काटकोनात कापायची, टोच्याने दोन रांगांत भोकं पाडायची, वादी अशी ओवायची की पुलीकडच्या बाजूला गाठ येणार नाही. टोकं एकमेकांवर चढवून जोडायची असतील तर ती तासून पातळ करायची आणि वरचं टोक पळत्या दिशेला उलटं ठेवायचं, नाहीतर पुली त्याला पहिल्याच फेऱ्याला उचकटते. चामड्याची केसाची, म्हणजे गुळगुळीत बाजू पुलीला लागली पाहिजे. ती जास्त पकडते. कारखान्यांच्या इतिहासात मालकांची नावं सापडतात, इंजिनं बनवणाऱ्यांची सापडतात. ही वादी ओवणाऱ्यांची सापडत नाहीत.

चपट्या पट्ट्याची आणखी एक गंमत. पुली वरवर सपाट दिसते, पण हात फिरवून पाहिलं तर मध्यभागी किंचित फुगीर असते. तुम्हाला वाटेल, फुगवट्यावरून पट्टा घसरून पडेल. घडतं उलटं. धावता पट्टा नेहमी उंचवट्याकडे सरकतो, म्हणून तो आपोआप मधोमध राहतो. तसंच पट्ट्याची सैल बाजू वर ठेवायची, म्हणजे तिच्या झोळामुळे पट्टा पुलीला जास्त मिठी मारतो. हे ज्ञान पुस्तकातलं असलं तरी गावोगावच्या गिरणीवाल्यांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

कारण जिनांनंतर पट्टा खेड्यात आला तो पिठाच्या गिरणीतून आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनातून. किर्लोस्कर आणि कूपर ही नावं आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी बसलेली. मोठ्या चक्राचं संथ इंजिन, टुकटुक आवाज, आणि त्यावरून जात्याकडे किंवा पंपाकडे गेलेला तीन-चार इंची पट्टा. मी पाहिलेल्या प्रत्येक गिरणीत भिंतीवर एक खिळा असे आणि त्याला जुन्या पट्ट्याचे तुकडे, एक टोचा आणि पत्र्याच्या क्लिपांची पुडी टांगलेली असे. पट्टा ताणून सैल झाला की दोन बोटं कापायचा आणि पुन्हा जोडायचा. चामडं कोरडं पडलं तर एरंडेल चोळायचं. घसरायला लागला तर राळ टाकायची. या राळेबद्दल माझं मत वाईट आहे. ती टाकली की पट्टा लगेच पकडतो, गिरणीवाला खूश होतो, पण थोड्या दिवसांत पट्ट्यावर काचेसारखा थर चढतो आणि तो पहिल्यापेक्षा जास्त घसरतो. मग आणखी राळ.

या सोयीची किंमतही होती, ती सांगितली पाहिजे. उघडा पट्टा माणूस ओळखत नाही. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी त्यात अडकून गिरणीत आणि मळणी यंत्रावर झालेले अपघात आपण वाचत आलो आहोत. चालत्या पट्ट्याला हात लावण्याची सवय सगळ्यात घातक. १९४८ च्या कारखाने कायद्यात याची बारीक कलमं होती. चालू पुलीवरच्या पट्ट्याला प्रशिक्षित प्रौढ कामगारानेच आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांतच हात लावावा, पट्टा १५ सेंटीमीटरपेक्षा रुंद नसावा, त्याचा सांधा वादीने ओवलेला किंवा पृष्ठाशी सपाट असावा, पाय ठेवायला पक्की जागा असावी. हे कलम लिहिणाऱ्याने कधीतरी सांध्याची वर आलेली क्लिप बोटाला लागताना पाहिली असावी असं वाटतं. पण खेड्यातली गिरणी बहुधा या कायद्याच्या कक्षेत येतच नव्हती. तिथं कायदा म्हणजे गिरणीवाल्याची सावधगिरी.

मग इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा पट्टा आला. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ च्या सुमारास रबर आणि धाग्याचा असा पट्टा मोटारींसाठी बाजारात आणला. आपल्याकडे तो आधी मोटारीचा फॅन बेल्ट म्हणून, आणि वीज गावात आल्यावर मोटरींबरोबर गिरणीत व मळणी यंत्रात आला. हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. ओढ जितकी वाढेल तितका घट्ट रुततो. जागा कमी लागते, निसटत नाही. सगळं चांगलं, फक्त एक गोष्ट सोडून. त्याला सांधा नसतो. तो कारखान्यातून अखंड येतो आणि तुटला की संपतो. शिवाय नंबर नेमका लागतो. बी-५२ म्हटलं की बी मापाचा, आतून ५२ इंचांचा. बी-५४ आणून चालत नाही.

माझ्या मते आपल्या यंत्रांच्या इतिहासातलं हे मोठं वळण आहे आणि त्याची नोंद फारशी कुणी घेतलेली नाही. तोवर पट्ट्याची दुरुस्ती गावातल्या हातात होती. आता ती दुकानाच्या हातात गेली. खामगाव किंवा मलकापूरच्या दुकानात छताला टांगलेल्या पट्ट्यांच्या जुडीत तुमचा नंबर असेल तर यंत्र चालू, नसेल तर उद्या या. ऐन दसरा-दिवाळीत सोयाबीनची सोंगणी झालेली, आभाळ भरून आलेलं आणि मळणी यंत्राचा पट्टा गेलेला, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला 'उद्या या' म्हणजे काय ते सांगायला नको.

वाहनांच्या जगात ही कथा आधीच एकदा घडून गेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बऱ्याच मोटरसायकलींचं मागचं चाक पट्ट्यानेच फिरे. पुढे दोन चाकं आणि मध्ये पाहुण्याची खुर्ची असलेल्या तीनचाकी मोटरसायकलीही तेव्हा होत्या. पावसात पट्टा घसरे, चढावर तुटे. म्हणून स्वार खिशात टोच्या, हूक आणि जादा तुकडा ठेवूनच निघत. चामड्याच्या छोट्या कड्या जोडून केलेले पट्टेही मिळत, सैल झाला की एक कडी काढायची. १९२० च्या दशकात साखळीने हे सगळं मागे टाकलं. पट्टा परतला तो वेगळ्या रूपात. हॉलंडच्या 'डॅफ' कंपनीने १९५८ मध्ये गिअर न बदलता चालणारी मोटार आणली, तिच्यात पट्टा दोन फाकणाऱ्या-मिटणाऱ्या पुल्यांवर वर-खाली सरकून गती बदलत असे. तेच तत्त्व १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाबरोबर आपल्या रस्त्यांवर आलं आणि आता बहुतेक सगळ्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरांत आहे. आपली नेहमीची ऑटोरिक्षा या गोष्टीत बसत नाही, तिची ताकद गिअर आणि दांड्यांमधून चाकाला जाते.

बिनगिअरची स्कूटर दिव्यांगांसाठी मोठं वरदान ठरली, कारण पायाने गिअर टाकायला नको की हाताने क्लच दाबायला नको. मागे दोन बाजूंना आधाराची चाकं लावली की झाली तीनचाकी. मोजली तर चाकं चार भरतात, पण लोक तीनचाकीच म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाला अपंगांची गाडी या अर्थाचा जुना शब्द होता, २०१९ च्या दुरुस्तीने त्याजागी 'अनुकूलित वाहन' आलं. शब्द बदलला हे चांगलंच झालं. पट्टा मात्र तोच राहिला, दोन चाकांच्या वजनाला बेतलेला.

जादा चाकं म्हणजे जादा वजन आणि जादा घासण. त्यात मोताळ्याहून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट, किंवा पावसाळ्यातली काळी चिकट वाट. पट्टा तापतो, घासून त्याची रुंदी कमी होते, आणि गाडी पूर्वीसारखी पळत नाही. सुटताना थरथरते, इंजिन ओरडतं पण चाक मागे राहतं. कंपन्यांच्या पुस्तकांत पट्टा बदलायचा आकडा बहुधा वीस हजार किलोमीटरच्या पुढेमागे असतो, पण तो दोन चाकांसाठी. बाजूची चाकं लावलेल्याने तो बराच आधी बदलावा, असं मी आग्रहाने सांगेन. आणि उतरवलेला पट्टा धड असेल तर फेकू नये, सीटखालच्या डब्यात ठेवावा. घरी पोचवण्यापुरता तो पुरतो.

गावातला मिस्त्री हे काम करू शकतो, विशेष शोरूम लागत नाही. डाव्या बाजूचं झाकण काढून धूळ झटकायची. पट्ट्याच्या दातांच्या मुळाशी भेगा आहेत का, कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या आहेत का ते पाहायचं. पुढच्या पुलीतले गोल वजनरोळ एका बाजूने चपटे झाले असतील तर तेही बदलायचे. नवा पट्टा बसवताना मागची पुली फाकवून पट्टा आत खोल दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल राहतो. नाहीतर पुढचा नट आवळताना पट्टाच पुलीत चिमटला जातो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी सुटतो. पट्ट्यावर बाण असेल तर फिरण्याची दिशा पाळायची. तेल, ग्रीस, राळ यांतलं काहीही लावायचं नाही. इथं एरंडेलवाल्या आजोबांचं ऐकू नये.

कारण तुटल्यावर उपाय नाही. चामड्याचा पट्टा वाटेतही जोडता आला असता. हा जोडता येत नाही. साध्या स्कूटरचा मालक गाडी ढकलत पुढच्या गावापर्यंत जातो, पण ज्याला चालताच येत नाही त्याने चार चाकांचं धूड कसं ढकलायचं? तो रस्त्याच्या कडेला बसून राहतो, कुणीतरी थांबेल म्हणून. परीक्षा, दवाखाना, दाखल्यासाठी तहसीलची खेप, जे काही असेल ते त्या दिवशी राहून जातं.

जुन्या चपट्या पट्ट्याला निवृत्ती नव्हती. जिनातून उतरला की तो चपलेचा तळ व्हायचा, गोठ्याच्या फाटकाची बिजागरी व्हायचा, गाडीच्या जोखडाखाली बैलाच्या मानेला लागू नये म्हणून बसायचा. स्कूटरचा तुटलेला पट्टा कॅरिअरला पिशवी बांधायच्या कामी येतो. तेवढाच त्याचा उपयोग मी पाहिला आहे.