‘निसर्ग’च्या आधीचे पंचावन्न तास

१ जून २०२०, पहाटे ५.३० : ५५ तास आधी

अरबी समुद्रात आदल्या दिवशी तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र आता अधिक तीव्र झालं आहे. हवामान खात्याचा इशारा स्पष्ट आहे : वादळ बनेल, आणि हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात किनाऱ्याला लागेल. कोकणात आगोटीची लगबग सरत आली आहे. शाकारणी झाली, फुटकी कौलं बदलली, लाकूडफाटा पडवीत रचला, सुकी मासळी डब्यात गेली. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी गावी, घरं भरलेली.

ही सगळी बेगमी पावसाची आहे. घरात थेंब गळू नये, चूल विझू नये, यासाठीची. पिढ्यानपिढ्यांचं हे शहाणपण पक्कं आहे, पण वारा छप्परच उचलून नेईल हा हिशेब त्यात नाही. नोव्हेंबर २००९ मधलं ‘फयान’ चक्रीवादळ सोडलं, तर तसा अनुभव फार थोड्यांच्या आठवणीत होता.

२ जून, सकाळी ११.३० : २५ तास आधी

वादळाला ‘निसर्ग’ हे नाव मिळालं, बांगलादेशानं सुचवलेलं. होड्या परत बोलावल्या गेल्या, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोचल्या आणि खाडीकाठच्या, किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून हजारो माणसं हलवली गेली, तीही करोनाच्या भीतीत. टाळेबंदी दुसऱ्या दिवसापासून सैल होणार होती, पण त्याऐवजी लोकांना घरातच राहायला सांगावं लागलं. हे काम यंत्रणेनं चोख केलं आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. वेळेवर माणसं हलवली की काय होतं ते ओडिशानं दाखवलं आहे : १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली, २०१३च्या ‘फायलिन’मध्ये काही डझन.

मात्र ओडिशाच्या किनाऱ्यावर तोवर खास वादळासाठी बांधलेले काँक्रीटचे निवारे उभे राहिले होते. आपल्याकडे माणसं हलवायची म्हणजे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि पुष्कळ शाळांवर पत्रे किंवा कौलंच.

या पंचवीस तासांत घरात बरंच करता येतं. मोबाइल आणि बॅटऱ्या चार्ज करायच्या, हंडे-पिंप भरायची, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचं पासबुक प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, चार पैसे रोख काढून ठेवायचे, कारण वीज गेली की एटीएमही गेलं. औषधं आठवडाभराची हवीत. पण तारांवर झुकलेली फांदी, सैल पत्रा, खालून कुजलेला विजेचा खांब यांचं काम आयत्या वेळी होत नाही. ते एप्रिल-मेमध्येच व्हायला हवं होतं.

३ जून, पहाटे ५.३० : ७ तास आधी

आता ते तीव्र चक्रीवादळ आहे. देशाचं लक्ष मुंबईकडे. पण आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला, म्हणजे इथे दक्षिणेला, तो समुद्रावरून थेट जमिनीवर चालून येतो. वादळ अलिबागच्या दक्षिणेला लागणार असेल तर खरा मार मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीला बसणार.

३ जून, दुपारी १२.३० ते २.३०

वादळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर. कौलारू घराचं नेमकं काय होतं ते समजून घ्यायला हवं. वारा छपरावरून जोरात सरकतो तेव्हा वरचा दाब घटतो. त्याच वेळी पडवीतून, उघड्या खिडकीतून आत घुसलेला वारा खालून रेटा देतो. मंगलोरी कौल रिपेवर केवळ स्वतःच्या वजनानं बसलेलं असतं. वळचणीची एक रांग उचलली गेली की तिथून वारा आत शिरतो आणि पुढच्या रांगा भराभर उडतात. पत्र्याचं वेगळं : तो एका बाजूनं सुटला की उडत जाऊन कुणाला लागेल सांगता येत नाही.

आणि वाड्या. पोफळ उंच, खोड सडपातळ, मुळं उथळ. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात आणि भरात यायला त्याहून जास्त. माड, आंबा, फणस हेही पडले. पुढे सरकारनं बागायतीसाठी हेक्टरी पन्नास हजारांची मदत जाहीर केली. पडलेल्या बागेच्या पुढच्या दहा वर्षांच्या उत्पन्नासमोर ही रक्कम अगदीच तुटपुंजी.

३ जून, संध्याकाळ

वादळ घाट चढून गेलं, कमकुवत झालं. राज्यात सहा माणसं दगावली. इतक्या मोठ्या वादळाच्या मानानं ही संख्या कमी, म्हणून ‘मुंबई वाचली’ असं म्हणत राज्य निर्धास्त झालं. तिकडे कोकणात खांब आडवे, तारा रस्त्यावर, मोबाइलचे टॉवर बंद. ज्या गावांचं सर्वाधिक नुकसान झालं त्यांनाच ते कळवता येईना. काही गावांना वीज परत मिळायला कित्येक आठवडे लागले. मुसळधार पावसात डोक्यावर ताडपत्री घेऊन माणसं राहिली. निरोप पोचवायची दुसरी सोय आधी केलेली नव्हती, ही या दिवसाची सर्वात मोठी चूक.

वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. तेव्हा पुढच्या शाकारणीला माणूस आला की त्याला वळचणीची आणि कोनाची कौलं तारेनं बांधायला सांगा, पत्रे खिळ्यांऐवजी हुक-बोल्टनं आवळून घ्या, आणि मेच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा : टॉवर बंद पडल्यावर आपलं गाव तालुक्याला निरोप कसा देणार?