स्पर्धा-आखणी व मानांकन, संगणकीय

अनेक खेळाडूंमधून किंवा संघांमधून एका विजेत्याची निवड करावयाची असता कोणी कोणाशी, कोणत्या फेरीत व कोणत्या क्रमाने खेळावे हे ठरविण्याच्या कार्यास स्पर्धा-आखणी म्हणतात. बलवान खेळाडू प्रारंभीच्या फेऱ्यांतच समोरासमोर येऊ नयेत, म्हणून पूर्वकामगिरीनुसार त्यांना क्रमांक देऊन भाग्यपत्रिकेत परस्परांपासून दूर बसविणे यास मानांकन म्हणतात. ही दोन्ही कामे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंच व संयोजक हाताने करीत आले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून ती उत्तरोत्तर संगणकाकडे गेली. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. भाग्यपत्रिका कशी आखली, यावर खेळाडूचे पारितोषिक व कित्येकदा त्याची पुढील कारकीर्दही अवलंबून असल्यामुळे, आखणीच्या इतिहासात न्याय्यतेचा प्रश्न आरंभापासून केंद्रस्थानी राहिला आहे.

मूलभूत पद्धती : स्पर्धेच्या दोन मुख्य पद्धती आहेत. साखळी पद्धतीत प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी खेळतो. बाद पद्धतीत पराभूत खेळाडू स्पर्धेबाहेर जातो. ३२ खेळाडूंच्या स्पर्धेस साखळी पद्धतीने ४९६ सामने लागतात, तर बाद पद्धतीने केवळ ३१. साखळी पद्धत अधिक विश्वसनीय, परंतु वेळखाऊ. बाद पद्धत झटपट, परंतु एका वाईट दिवसाची कठोर शिक्षा देणारी. साखळी सामन्यांच्या फेऱ्या लावण्यासाठी लाइपझिगच्या रिखार्ट शूरिख याने १८८६ मध्ये कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे योहान बेर्गर या ऑस्ट्रियन बुद्धिबळपटूच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली व आजही वापरात आहेत.

बाद पद्धतीत खेळाडूंची संख्या २, ४, ८, १६, ३२ अशा घातसंख्येइतकी नसेल, तर काहींना न खेळता ‘पुढे चाल’ द्यावी लागते. विंबल्डनच्या १८७७ मधील पहिल्या स्पर्धेत २२ खेळाडू होते. त्यांतून ११, मग ६ व मग ३ उरले. साहजिकच उपांत्य फेरीत एकास पुढे चाल मिळून तो अंतिम सामन्यात पोहोचला. स्पर्धेच्या इतक्या पुढच्या टप्प्यावर मिळणारा हा लाभ अनुचित होता. सर्व पुढे चाली पहिल्याच फेरीत द्याव्यात, ही बॅगनॉल-वाइल्ड याची सूचना १८८० च्या दशकात स्वीकारली गेली. या नियमाप्रमाणे २२ खेळाडू असता ३२ वजा २२ म्हणजे १० जणांस पहिल्या फेरीत विश्रांती मिळते, उरलेले १२ जण ६ सामने खेळतात व दुसऱ्या फेरीत बरोबर १६ खेळाडू येतात. आजच्या प्रत्येक संगणकीय आज्ञावलीत हेच गणित आहे.

लुइस कॅरल याची टीका : बाद पद्धतीचा दोष गणिताने दाखविण्याचे श्रेय चार्ल्स लटविज डॉजसन (१८३२–९८) या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाकडे जाते. ‘लुइस कॅरल’ या टोपणनावाने बालसाहित्यात तो विख्यात आहे. एका टेनिस स्पर्धेत लवकर बाद झालेला खेळाडू, आपल्याहून कमी प्रतीच्या खेळाडूस दुसरे पारितोषिक मिळाल्याची खंत करताना त्याने ऐकला आणि १८८३ मध्ये या विषयावर एक पुस्तिका लिहिली. श्रेष्ठ खेळाडू नेहमीच जिंकतो असे जरी गृहीत धरले, तरी ३२ जणांच्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूस दुसरे पारितोषिक मिळण्याची संभाव्यता ३१ मध्ये १६ इतकीच असते; कारण उरलेल्या ३१ जागांपैकी १५ जागा सर्वश्रेष्ठ खेळाडूच्याच अर्ध्या भागात असतात व तेथे पडल्यास तो अंतिम सामन्यापूर्वीच बाद होतो. यावर उपाय म्हणून, एखाद्याहून श्रेष्ठ असे तीन खेळाडू सिद्ध होईपर्यंत त्यास बाद करू नये, अशी योजना त्याने मांडली. ती प्रत्यक्षात रुजली नाही. तथापि एका पराभवाने कोणासही बाहेर काढू नये, हे तिच्यातील तत्त्व पुढे दुहेरी बाद पद्धतीत आढळते.

मानांकनाचा उदय : डॉजसनने दाखविलेला दोष मानांकनामुळे पुष्कळ अंशी दूर होतो. पहिला व दुसरा मानांकित भाग्यपत्रिकेच्या दोन टोकांस ठेवले की त्यांची गाठ अंतिम सामन्यातच पडू शकते. विंबल्डनमध्ये १९२४ साली मर्यादित स्वरूपाचे व १९२७ पासून गुणवत्तेवर आधारित पूर्ण मानांकन सुरू झाले. २००१ मध्ये तेथील एकेरीतील मानांकितांची संख्या १६ वरून ३२ करण्यात आली.

मानांकित जागा भरण्याचा नियम सोपा आहे. ज्या फेरीत १६ खेळाडू उरतात, तेथे सर्व निकाल मानांकनानुसार लागल्यास प्रत्येक लढतीतील दोन क्रमांकांची बेरीज १७ भरते : १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५, ८ विरुद्ध ९ याप्रमाणे. पुढील फेरीत ही बेरीज ९, त्यानंतर ५ होते. टेनिसमध्ये मात्र आखणी पूर्णतः ठरीव नसते. पहिल्या दोघांच्या जागा निश्चित करून तिसरा व चौथा, तसेच पाचवा ते आठवा यांच्या जागा सोडतीने ठरवितात.

जॉर्जियातील बाटुमी येथे २०२५ मध्ये झालेली महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा हे या गणिताचे बोलके उदाहरण होय. तीत १०७ खेळाडू होत्या; म्हणून १२८ वजा १०७ म्हणजे पहिल्या २१ मानांकितांस पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. नागपूरच्या दिव्या देशमुख हिला पंधरावे मानांकन होते. सोळा जणींच्या फेरीत तिची गाठ नियमाप्रमाणे दुसऱ्या मानांकित चीनच्या जू जिनर हिच्याशी पडली. दिव्याने तो सामना जिंकला व अंतिम फेरीत कोनेरू हंपी हिला हरवून विश्वचषक पटकाविला. मानांकन मार्ग आखून देते, निकाल नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

क्रमवारी व संगणक : मानांकन कोणत्या आधारे द्यावे, हा पुढचा प्रश्न. प्रारंभी ते संयोजकांच्या मतावर अवलंबून असे व पक्षपाताच्या तक्रारी होत. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकीचे प्राध्यापक आर्पाद एलो (१९०३–९२) यांनी बुद्धिबळासाठी संख्याशास्त्रीय गुणांकन तयार केले. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ते १९६० मध्ये व जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारले. या पद्धतीत दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून अपेक्षित निकाल काढतात. २०० गुणांचा फरक असता वरच्या खेळाडूस सरासरीने दर चार डावांत सु. तीन गुण अपेक्षित असतात. प्रत्यक्ष निकाल व अपेक्षा यांतील तफावतीनुसार गुणांकन वाढते वा घटते. व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेने २३ ऑगस्ट १९७३ रोजी पुरुषांची पहिली संगणकीय क्रमवारी प्रसिद्ध केली व तीत रुमानियाचा इली नास्तासे अग्रस्थानी होता. महिलांची क्रमवारी १९७५ मध्ये आली. यामुळे स्पर्धेत कोणास प्रवेश द्यावा व कोणास कितवे मानांकन द्यावे, हे ठरविण्यातील व्यक्तिगत मर्जीचा भाग बराच कमी झाला.

स्विस पद्धती : साखळी व बाद यांमधील मध्यम मार्ग म्हणजे स्विस पद्धती. यूलिउस म्यूलर याने सुचविलेली ही पद्धती १८९५ मध्ये झुरिक येथील बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरली गेली. तीत कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात. बुद्धिबळ ऑलिंपियाडने १९७६ मध्ये हायफा येथे ती स्वीकारली. २०२२ मध्ये चेन्नईजवळील मामल्लपुरम येथे झालेल्या ऑलिंपियाडच्या खुल्या गटात १८८ संघ होते. पूर्ण साखळीसाठी १७,५७८ लढती लागल्या असत्या. स्विस पद्धतीने ११ फेऱ्यांत स्पर्धा पूर्ण झाली.

या पद्धतीत जोड्या लावणे मात्र किचकट असते. समान गुणांच्या गटाचे गुणांकनानुसार दोन भाग पाडून वरच्या भागातील पहिला खालच्या भागातील पहिल्याशी खेळवितात. पण एकदा खेळलेले पुन्हा समोर येता कामा नयेत, पांढऱ्या व काळ्या मोहऱ्यांचा समतोल राखला पाहिजे आणि कोणासही दुसऱ्यांदा पुढे चाल देता कामा नये. पूर्वी पंच प्रत्येक खेळाडूचे एक पत्रक टेबलावर मांडून, ती पत्रके पुन्हा पुन्हा हलवून जोड्या जुळवीत. शंभराहून अधिक खेळाडू असल्यास हे काम रात्री उशिरापर्यंत चाले व एक चूक झाली तरी पुढील सर्व फेऱ्या बिघडत. ही जुळणी म्हणजे गणितातील आलेख-सिद्धांताचा एक प्रश्न होय. जॅक एडमंड्स याने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जुळणीविषयक रीतीमुळे तो संगणकाच्या आवाक्यात आला. जागतिक महासंघाने जोड्या लावण्याचे नियम निःसंदिग्ध शब्दांत बांधून दिले व ते काटेकोरपणे पाळणाऱ्या आज्ञावलींस मान्यता देण्याची पद्धत पाडली. तीच माहिती दिल्यास कोणत्याही मान्य आज्ञावलीने त्याच जोड्या द्याव्यात, अशी अपेक्षा असते. त्यामुळे पराभूत खेळाडूसही आखणी स्वतः पडताळून पाहता येते. संगणकाने आणलेल्या वेगापेक्षा हा लाभ मोठा मानावा लागेल.

ई-क्रीडांतील स्पर्धा : संगणकावरील खेळांच्या स्पर्धांचा प्रारंभ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९ ऑक्टोबर १९७२ रोजी झालेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळाच्या स्पर्धेपासून मानतात. १९८० मध्ये अटारी कंपनीने भरविलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या अमेरिकन स्पर्धेत १०,००० हून अधिक जणांनी भाग घेतला. लढतींच्या खेळांसाठी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘बॅटल बाय द बे’ ही स्पर्धा सुरू झाली. २००२ पासून ती ‘इव्हो’ या नावाने ओळखली जाते.

या स्पर्धांत दुहेरी बाद पद्धती रूढ आहे. पहिल्या पराभवानंतर खेळाडू खालच्या भाग्यपत्रिकेत जातो व दुसऱ्या पराभवानंतर बाद होतो. एकूण सामने खेळाडूंच्या दुपटीहून दोनने किंवा एकने कमी असतात. इव्होच्या २०१६ मधील ‘स्ट्रीट फायटर ५’ स्पर्धेत ५,१०० हून अधिक खेळाडू होते, म्हणजे सामन्यांची संख्या दहा हजारांवर गेली. वरून खाली येणाऱ्या खेळाडूंस अशा रीतीने उलटसुलट बसवावे लागते की नुकतेच खेळलेले दोघे लगेच पुन्हा भिडू नयेत. शिवाय एकाच गावाहून आलेल्यांना आरंभी परस्परांपासून वेगळे ठेवावे लागते. इतके सर्व हाताने साधणे अशक्यप्राय होते. २००९ मध्ये सुरू झालेली ‘चॅलोंज’ व २०१५ मधील ‘स्मॅश डॉट जीजी’ या सेवांनी नोंदणी, मानांकन, भाग्यपत्रिका व निकाल ही कामे एकत्र आणली. दुसरी सेवा मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये विकत घेतली व २०२२ मध्ये तिचे नाव ‘स्टार्ट डॉट जीजी’ झाले. बुद्धिबळातील स्विस पद्धतीही या क्षेत्रात आली. ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या २०२३ मधील जागतिक स्पर्धेत १६ संघांच्या टप्प्यासाठी ती वापरली गेली : तीन विजय मिळविणारा संघ पुढे गेला व तीन पराभव पत्करणारा बाहेर पडला.

न्याय्यतेचा प्रश्न : आज्ञावली नियम अचूक पाळते, पण नियमच सदोष असल्यास दोषही अचूक उतरतो. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत गटसाखळीनंतर बाद फेरी होती. गटात दुसरे आल्यास पुढील मार्ग सोपा होतो, हे पाहून काही जोड्यांनी मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन व इंडोनेशियाची एक अशा चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, अपात्र ठरविण्यात आले. भाग्यपत्रिकेत तांत्रिक चूक नव्हती. जिंकणे हे हरण्याहून नेहमी लाभदायक असले पाहिजे, हे मूलतत्त्व तिच्या रचनेत सुटले होते. मानांकनासाठी लागणारी माहितीही पक्षपातमुक्त असतेच असे नाही. दूरच्या गावातील, मोठ्या स्पर्धांत फारसा न खेळलेला गुणी खेळाडू गुणांकनात मागे राहतो व पहिल्याच फेरीत बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर येतो. गुणांकनाबरोबर त्याची अनिश्चितताही मोजणारी ‘ग्लिको’ ही मार्क ग्लिकमन यांची पद्धती (१९९५) हा या उणिवेवरील एक उपाय होय.

भारतातील स्थिती : जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडा प्रात्यक्षिक स्वरूपात होत्या व तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या खेळात कांस्यपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगजो येथे त्यांना अधिकृत पदके देण्यात आली. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडांचा विषय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या खेळांपासून त्यांना वेगळे स्थान दिले. अशी मान्यता मिळाली की निवड, पदक व त्यांवर अवलंबून असणाऱ्या संधी यांचे प्रश्नही ओघाने येतात. म्हणून मानांकनाचा आधार स्पर्धेपूर्वी जाहीर करणे, सोडत सर्वांसमक्ष काढणे व जोड्यांचे नियम पडताळता येतील असे ठेवणे, ही जुन्या पंचांची शिस्त संगणकाच्या युगातही तितकीच आवश्यक ठरते.